सवलतीत नोकऱ्यांची अटच नव्हती

राज्याने कंपनीला करसवलत दिली की निदान नोकऱ्या तरी टिकतात, असं म्हणतात; हा मुद्दा अजिबात पटला नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचंच बघा. नवं विमान दुसरीकडे बनवू, एवढा बोइंगचा इशारा पुरला. नोव्हेंबर २०१३ मध्ये विशेष अधिवेशन बोलावून तीन दिवसांत सवलती २०४० पर्यंत वाढवल्या, अंदाजे ८.७ अब्ज डॉलरच्या! अट काय, तर ७७७एक्स या त्या नव्या विमानाची अंतिम जुळणी आणि पंख राज्यातच व्हावेत. किती माणसं कामावर ठेवायची, याबद्दल एक ओळ नाही. पुढे हजारो नोकऱ्या गेल्या, सवलत चालूच.

२०२० मध्ये त्यातला कराचा मुख्य कमी दर रद्द झाला, तोही या सवलतीवरून जागतिक व्यापार संघटनेत चाललेल्या वादापायी, कंपनीच्याच सांगण्यावरून.