मालवणच्या आठवणी लिहा इथे

खारा वारा:
भाच्याने मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावरून रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायचा, व्हिडिओ पाठवलाय आणि सकाळपासून कामात लक्ष नाही. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या मावशीकडे मालवणला राहिले होते. उजाडायच्या आत काका म्हणाले, "चल गो, दोरी ओढूक." होडी जाळं अर्धगोल टाकून आलेली, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर. ओढणाऱ्यांत म्हातारे, बायका, शाळकरी पोरं, सगळे. आधी दोरी हलतच नाही, टाचा वाळूत रुततात. मग कुणीतरी आरोळी देतं आणि सगळे एकदम मागे! जाळं जवळ आलं तशी पाण्याला उकळी फुटल्यासारखी दिसली. तारली, बांगडे, मधेच एक चिडलेला खेकडा. ओढायला हात लावला म्हणून माझ्या पिशवीतही वाटा पडला. तो मान अजून विसरले नाही. तुम्ही लिहा. किल्ला, स्कूबा, जत्रा, काहीही चालेल.

तिरफळ:
तारलीचं पुढे काय केलं ते आधी सांगा!!

खारा वारा:
मावशीने तिखलं केलं. तिरफळं ठेचून, कोकम, वरून कच्चं खोबरेल. सोबत उकडा भात.

तिरफळ:
बास. आता दुपारच्या डब्यातली दोडक्याची भाजी जाणार नाही.

गडवाट:
सिंधुदुर्ग किल्ला! १६६४ ला काम सुरू, १६६७ ला पूर्ण. होडीतून जाताना दरवाजा कुठेय ते अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही, दोन बुरुजांच्या वळणात लपवलाय. माझ्या मुलाने दूधबाव, दहीबाव, साखरबाव तिन्ही विहिरींत वाकून पाहिलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं, त्याला पटेचना. चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा पाहून मात्र एकदम गप्प झाला. मोरयाचा धोंडा बघायचा चुकवू नका, किल्ल्याच्या कामाआधी पूजा तिथे झाली. पावसाळ्यात होड्या बंद असतात बरं.

निळं पाणी:
स्कूबा केलं, किल्ल्याच्या मागच्या बाजूला. पोहता येत नाही, तरी केलं. नाक दाबून कानातला दाब सोडायचा, हाताच्या खुणा, तोंडाने श्वास, एवढं आधी शिकवतात. खाली पहिली दोन मिनिटं फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज. मग काळे-पिवळे पट्टे असलेल्या माशांचा थवा थेट काचेसमोर! नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पाणी नितळ असतं. सर्दी असेल तर नको. आणि त्याच दिवशी विमान पकडायचं असेल तरीही नको. एक विनंती, व्हिडिओसाठी माशांना ब्रेड टाकायला लावू नका आणि प्रवाळाला हात लावू नका. १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे ते.

दोन पोरांची आई:
दहा वर्षांच्या मुलीला नेतात का? पोहते चांगली.

निळं पाणी:
वयाचं तिथेच विचारा ताई. तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे नीट समजावतात.

रंगपट:
दिवसा समुद्र झाला की रात्री दशावतार बघा लोकहो! लिहिलेली संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या. जत्रेत देवळामागे डोकावलो तर राक्षसाचं काम करणारे काका कंदिलाजवळ आरसा धरून स्वतःच कपाळ रंगवत होते. शेजारी द्रौपदी बिडी ओढत होती. पायपेटी, पखवाज, झांज सुरू झाली आणि तीच द्रौपदी अशी रडली की माझ्या बाजूच्या आजी पदराने डोळे पुसायला लागल्या.

दांडीकार:
आमच्या गावाचा कौतुक वाचून बरा वाटला. पण रापणीक आता पूर्वीसारखी मासळी गावत नाय. एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांका बंदी आसा, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतत. इलात तर मासळी किनाऱ्यावरच घेवा, पारंपरिक मच्छीमाराच्या हातात पैसो जावंदे. जून-जुलैत मासेमारीक बंदी, तेव्हा ताजी सुरमई मागू नकात.

खारा वारा:
दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नारळी पौर्णिमेला यायचा विचार आहे, गर्दी खूप असते का?

दांडीकार:
येवा. सोन्याचो नारळ दर्याक देतत तेव्हा बंदरार पाय ठेवूक जागा नसता. बायकांची नारळ लढवूची स्पर्धापण आसता.

दोन पोरांची आई:
गाडी कुडाळला उतरायची की कणकवलीला?

गडवाट:
कुडाळ. परतताना आल्याचा खाजा घ्या.

तिरफळ:
माझ्यासाठीपण!!