आधी पट्टा काढून बघा
काका, मोटर रिवाइंडिंगला टाकायची घाई करू नका. बेळगाव कॅम्पातल्या तुमच्या, छिद्रांच्या कागदी रोलवर आपोआप वाजणाऱ्या जुन्या अमेरिकन पियानोचा रोल मधेच रेंगाळतो, सूर दबके येतात, असं तुम्ही लिहिलंय. पट्टा काढून मोटर नुसती फिरवा. मोकळी सुसाट फिरली, तर दोष बहुतेक भात्यांच्या कापडात किंवा रबरी नळ्यांत. हवा गळते आणि रोल ओढायला, सूर वाजवायला जोर पुरत नाही. मोकळीही जड वाटली, तर बुशमधलं, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीतलं, तेल आटलं असणार. शहापूरला आमच्या मोटरचं बुश रॉकेलनं धुतलं, तर गुळाच्या काकवीसारखा काळा चिकटा निघाला!

आणि हे फार जण विसरतात: ट्रान्सफॉर्मर २३० चे ११५ व्होल्ट करतो, पण विजेच्या वारंवारतेचे हर्ट्‌झ ५० च राहतात. ६० हर्ट्‌झची चार पोलची (चुंबकी ध्रुवांची) अमेरिकन मोटर मिनिटाला १७२५ ऐवजी साधारण १४३० फेरे घेते, वर तापतेही. त्यामुळे व्होल्ट १०० च्या आसपास ठेवलेले बरे. वेगासाठी उद्यमबागेत लेथवर मोटरची पुली वीस टक्के मोठी बनवून मिळेल, पण आधी गळती काढा. भात्यांना सेलोटेप मात्र अजिबात लावू नका, जीव तुटतो बघताना.