चकाकी मोडायची की घटवायची? ‘मॅट’, ‘ग्लॉस’ आणि ‘क्लॅरिटी’ला मराठी शब्द

प्रश्न

आमच्याकडे काळ्या प्लास्टिकच्या छोट्या खिडक्या मोल्ड होतात. रिमोटच्या टोकाला असते तसली: डोळ्याला काळी, पण अवरक्त (इन्फ्रारेड) किरण आरपार सोडणारी, आमच्या कागदांवर ‘अवरक्त-पारदर्शक’. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर टीप होती, वरचा ग्लॉस कमी करा, ऑप्टिकल क्लॅरिटी जाऊ देऊ नका. मी कामगारांच्या सूचनापत्रात लिहिलं, ‘चकाकी घालवावी, पारदर्शकता राखावी’. दुसऱ्या पाळीतल्या मुलानं ते वाचून नमुन्याच्या अख्ख्या ट्रेवर ४०० नंबरचा पेपर (काचकागद) मारून ठेवला. चकाकी गेली, हे खरं. मागे एलईडी लावून त्यानं टीव्हीही चालू करून दाखवला, म्हणजे पारदर्शकता शाबूत! ट्रे परत आला, कारण गिऱ्हाइकाच्या खिडकीमागे एलईडी नव्हता, कॅमेरा होता. मुलाला बोलायला तोंड नाही, शब्द माझेच. काय लिहायला हवं होतं? मॅटला ‘निस्तेज’ लिहवत नाही, ते आजाऱ्याच्या चेहऱ्याला ठीक.

प्रतिसाद

मॅटला मॅटच लिहा. फोटो स्टुडिओत, रंगाच्या दुकानात, लग्नपत्रिकेच्या छपाईत सगळे ‘ग्लॉसी की मॅट?’ असंच विचारतात. मराठी बाटत नाही.

प्रतिसाद

मॅट चालेल, पण ग्लॉससाठी आपल्याकडे शब्दांची कमी नाही आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तकाकी आतून येते: तब्येतीची, घोड्याच्या अंगाची, पावसानंतरच्या पानांची. झिलई बाहेरून चढवतात, म्हणून ती उतरतेही. चिनी मातीच्या बरणीला असते ती झिलई. झळाळी जरीला, सोन्याला (आणि भाव चढला की वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना). चकाकी मात्र निव्वळ परावर्तनाची, त्यामुळे प्लास्टिकला तोच शब्द बरोबर. तुमचं नाम चुकलं नाही, क्रियापद चुकलं. ‘घालवावी’ म्हटलं की हात काचकागदाकडे जाणारच.

प्रतिसाद

क्रियापदाचं पटलं, पण दुसरी गडबड ‘पारदर्शकता’त आहे. तिथे दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात.

न्हाणीघराची दुधी काच बघा. दुपारी आत लख्ख उजेड असतो, म्हणजे प्रकाश पार होतो. पण पलीकडे कोण उभं आहे ते कळत नाही. प्रकाश किती आला हा एक हिशेब, सरळ आला की विखरून हा दुसरा. रिमोटचं पहिल्यावर भागतं. त्याचे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण थोडे फाकले तरी टीव्हीला ३८ किलोहर्ट्झची उघडझाप कळली की झालं. मुलाची चाचणी चोख होती, फक्त रिमोटपुरती. कॅमेऱ्याला दुसरा हिशेब लागतो, आणि त्याला मराठीत आयता शब्द आहे: नितळ. उजेड गढूळ पाण्यातही शिरतो, तळ दिसतो तो नितळ पाण्यातच. उलट गुणाला धूसरता म्हणा. प्रयोगशाळेतही हे वेगळंच मोजतात: आरपार आलेल्या प्रकाशापैकी जो अडीच अंशांहून जास्त वळला, त्याची टक्केवारी म्हणजे धूसरता. चकाकी मोजतात परावर्तनावरून, बहुधा ६० अंशांच्या कोनात.

घरी करून पाहा. ट्रेसिंग पेपर छापील पानावर टेकवला तर अक्षरं वाचता येतात. दोन बोटं वर उचलला की पुसली जातात. मोबाइलचं मॅट स्क्रीनगार्ड खपून जातं ते यामुळेच, चित्र त्याला जवळजवळ चिकटलेलं असतं. तुमच्या कॅमेऱ्याचं दृश्य मात्र खिडकीपासून लांब.

आता क्रियापद. पेपर मारला किंवा डायला (साच्याला) ब्लास्टिंग करून तो खरखरीत केला की परावर्तन तेवढंच राहतं, फक्त चहूकडे उधळतं: ही चकाकी मोडणं. चष्म्याच्या दुकानात ‘अँटी-ग्लेअर’ म्हणून देतात तो थर परावर्तनच कमी करतो (साध्या प्लास्टिकच्या प्रत्येक पृष्ठावरून सरळ पडलेला सुमारे ४ टक्के प्रकाश परततो) आणि पृष्ठ गुळगुळीतच राहतं: ही चकाकी घटवणं. मोडण्यातही थोडी सवलत आहे. परावर्तित किरणाला पृष्ठावरचा उंचसखलपणा दुप्पट भोवतो. आरपार जाणाऱ्याला, अपवर्तनांक (किरण पदार्थात शिरताना किती वळतो त्याचा आकडा) १.५ धरला तर, त्या उंचसखलपणाच्या निम्माच. म्हणून अगदी बारीक दाण्यानं आधी चकाकी मरते, नितळपणा जरा मागाहून. ४०० नंबरचा पेपर बारीक नव्हे, नांगरच.

प्रतिसाद

‘अवरक्त-पारदर्शक’वरही हरकत घेतो. दर्शक म्हणजे दाखवणारा. तुमची खिडकी डोळ्याला काहीच दाखवत नाही. शिवाय अवरक्त म्हणजे एकच गाव नव्हे. माणूस आला की आपोआप लागणाऱ्या दिव्यावरची पांढरट घुमटी पॉलिथिनची असते. डोळ्याला ती दुधी, पण अंगाच्या उष्णतेचे ८ ते १४ मायक्रॉनचे किरण तिच्यातून पार होतात. हेच किरण खिडकीची स्वच्छ काच अडवते. १० मायक्रॉनच्या लाटेला १ मायक्रॉनचा दाणा जाणवतही नाही, तिथे मॅट फिनिश केलं तरी नितळपणा जवळजवळ जात नाही. तुमच्या ९४० नॅनोमीटरला (म्हणजे १ मायक्रॉनहून थोडं कमीच) ती चैन नाही. मी ‘९४० नॅनोमीटरला पारगामी’ असं आकड्यासकट लिहीन.

प्रतिसाद

पारगामी ठीक, पण ‘पारगम्य’ लिहू नका. ते मातीचं आणि पाण्याचं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. गिऱ्हाइकाशी पुन्हा बोलले. त्यांना दाणा नकोच होता. खिडकीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसायचं, ते नको होतं. थर ते बाहेरून चढवून घेणार आहेत. सूचनापत्रात आता असं आहे: ‘चकाकी मोडू नये. पेपर किंवा बफ मारू नये. खिडकी आरपार नितळ हवी.’

पेपरवाल्या मुलानं वाचलं आणि म्हणाला, “मॅडम, खिडकी तर काळी. नितळ आहे ते बघायचं कशानं?” चौथी ओळ वाढवली: ‘अवरक्त दिवा लावून, गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यातून, हातभर लांबचं छापील पान वाचून पाहावे.’