किम मार्श यांनी मालिका सोडून सकाळचा कार्यक्रम पत्करला, यात अभिनयाचे नुकसान झाले का?

दूरगाव:
मी 2007 पासून मँचेस्टरजवळ राहतो. इथे आल्यावर शेजाऱ्यांशी बोलायला विषय हवा म्हणून 'कोरोनेशन स्ट्रीट' पाहायला लागलो आणि मग ती सवयच झाली. डिसेंबर 1960 मध्ये आयटीव्हीवर सुरू झालेली ही मालिका आजही चालू आहे, आणि वेदरफील्ड या काल्पनिक वस्तीतल्या माणसांचे बोलणे, त्यांची भांडणे, त्यांचा 'रोव्हर्स रिटर्न' हा पब या साऱ्यांतून मला हा प्रदेश जितका कळला तितका तो शेजाऱ्यांकडूनही कळला नसता. या मालिकेत किम मार्श यांनी एप्रिल 2006 पासून डिसेंबर 2019 पर्यंत मिशेल कॉनर ही भूमिका केली. त्यानंतर ऑक्टोबर 2020 मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या 'मॉर्निंग लाइव्ह' या कार्यक्रमात गेथिन जोन्स यांच्यासोबत त्या सूत्रसंचालन करू लागल्या.

त्यांच्या या निर्णयाने इंग्लंडच्या दूरचित्रवाणीने एक चांगली अभिनेत्री अर्धीअधिक गमावली, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारी 2017 मधले भाग ज्यांनी पाहिले असतील त्यांना माझे म्हणणे लगेच कळेल. मिशेलचे बाळ तेविसाव्या आठवड्यात जाते, आणि त्यानंतरच्या प्रसंगांत किम मार्श यांनी जे केले त्याला आक्रोश म्हणता येणार नाही. समोरचा माणूस काय बोलतो आहे हे ऐकू येत असूनही अर्थ पोहोचत नाही, अशी जी अवस्था असते, ती त्यांनी नुसत्या नजरेने उभी केली. असे काम करू शकणारी व्यक्ती रोज सकाळी फसवणुकीचे फोन कसे ओळखावेत आणि रक्तदाब कधी मोजावा हे हसतमुखाने सांगते, तेव्हा मला वाईट वाटते. त्या माहितीला मी कमी लेखत नाही, पण ती सांगायला दुसरे कोणीही मिळेल.

याच मालिकेतून बाहेर पडलेल्या सारा लँकशायर आणि सुरेन जोन्स यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. लँकशायर यांनी 1996 मध्ये आणि जोन्स यांनी 2004 मध्ये मालिका सोडली, पुढे एकीने 'हॅपी व्हॅली' आणि दुसरीने 'डॉक्टर फॉस्टर' केली, आणि दोघींनाही बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. त्या सूत्रसंचालनाकडे वळल्या असत्या तर आपल्याला या भूमिका दिसल्या नसत्या.

उत्तरवारा:
आपल्या तळमळीचा आदर ठेवून मी विरोध नोंदवतो. आपण ज्या दोघींची नावे घेतली त्या मुळात अभिनयाच्याच वाटेने आल्या होत्या. किम मार्श यांची वाट वेगळी आहे आणि ती लक्षात न घेता केलेला न्याय मला पटत नाही. 2001 मध्ये आयटीव्हीच्या 'पॉपस्टार्स' या स्पर्धेतून 'हिअरसे' हा पाच जणांचा गट निवडला गेला, त्यात त्या होत्या. त्यांचे पहिले गाणे पहिल्याच आठवड्यात पाच लाखांहून अधिक प्रतींनी विकले गेले आणि एका वर्षाच्या आत, जानेवारी 2002 मध्ये, त्या गटातून बाहेर पडल्या. त्याच वर्षी गटही विसर्जित झाला. 2003 मध्ये त्यांनी एकटीचा संग्रह काढला, पण ती गायनाची कारकीर्दही फार टिकली नाही. म्हणजे तिशी गाठायच्या आत या बाईंनी अफाट प्रसिद्धी आणि तिचे ओसरणे ही दोन्ही टोके पाहिली होती, तीही दोन मुलांची आई असताना.

अशा व्यक्तीने तिसाव्या वर्षी मालिकेत येऊन जवळजवळ चौदा वर्षे एक पात्र टिकवले आणि मग स्वतःहून ते सोडले, यात मला नुकसान दिसत नाही. वर्तमानपत्रांनी 'स्पर्धेतून आलेली' असा जो शिक्का मारला होता, तो त्यांनी कामाने पुसला. त्यानंतर काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी कमावलेला आहे.

आणि अभिनय त्यांनी सोडला आहे, हे तर वस्तुस्थितीला धरूनच नाही. 2022 मध्ये त्यांनी 'फेटल अट्रॅक्शन' या नाटकाच्या दौऱ्यात अॅलेक्स फॉरेस्टची भूमिका केली, 2023 मध्ये 'वॉटरलू रोड' ही मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा तीत शाळेच्या उपाहारगृहात काम करणारी निकी वॉल्टर्स साकारली, आणि 2024 मध्ये '101 डाल्मेशियन्स' या संगीत नाटकात क्रुएला ही खलनायिका रंगवली.

दूरगाव:
ही कामे मला ठाऊक आहेत आणि निकी वॉल्टर्स मला आवडलीही. तरी माझा मुद्दा वेगळा आहे. रोज सकाळी प्रेक्षक ज्या व्यक्तीला 'किम' म्हणून भेटतो, तिला रात्री दुसऱ्या कोणाच्या रूपात स्वीकारणे त्याला जड जाते. निकीच्या पहिल्या भागात माझी पत्नी सहज म्हणाली, "अरे, ही तर सकाळची." पात्राचे नाव तिच्या लक्षात राहिले नाही. अभिनेत्रीला थोडी अनोळखी राहण्याची गरज असते आणि सूत्रसंचालनात नेमके तेच खर्ची पडते.

पडद्यामागे:
मी काही वर्षे थेट प्रक्षेपणाच्या कामात, नियंत्रण कक्षात बसत असे, म्हणून 'दुसरे कोणीही मिळेल' या वाक्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. निवेदकाच्या कानात सतत कोणीतरी बोलत असते: पुढचा पाहुणा तयार नाही, हा विषय चाळीस सेकंद वाढवा, तो बंद करा, कॅमेरा बदलतो आहे. हे ऐकत असतानाच समोरच्या पाहुण्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचे, कारण तो आपल्या आजाराबद्दल किंवा लुबाडल्या गेलेल्या पैशांबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत बोलत असतो, आणि आपले लक्ष दुसरीकडे आहे हे त्याला क्षणभरही जाणवता कामा नये. मालिकेत चित्रण चुकले तर पुन्हा करता येते, इथे ती सोय नाही.

मालिकेतून आलेले कलाकार या कामात का टिकतात, याचे कारणही मला तिथेच समजले. 'कोरोनेशन स्ट्रीट'चे आठवड्याला पाच, आणि 2017 पासून सहा भाग होत असत. इतक्या वेगात संवाद पाठ करणे, तालमीला फारसा वेळ न मिळता उभे राहणे आणि समोरच्या नटाच्या सुराला लगेच प्रतिसाद देणे, ही शिस्त चौदा वर्षे अंगी मुरलेली असते. त्यामुळे सूत्रसंचालन म्हणजे अभिनय टाकून देणे आहे असे मला वाटत नाही. त्याच मेहनतीचा तो वेगळा उपयोग आहे.

दवबिंदू:
दूरगाव यांनी 2017 च्या भागांचा उल्लेख केला म्हणून लिहिते आहे, एरवी मी अशा चर्चेत उतरत नाही. मी इंग्लंडमध्ये प्रसूतिविभागात परिचारिका होते. किम मार्श यांचा मुलगा आर्ची 2009 मध्ये मुदतीच्या कितीतरी आधी जन्मला आणि काही क्षणांत गेला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेले आहे. त्यानंतर आठ वर्षांनी मालिकेने तेच दुःख मिशेलच्या वाट्याला दिले आणि त्यांनी ते विचारपूर्वक स्वीकारले.

इथे कायद्याचा एक तपशील समजून घेतला पाहिजे, कारण त्याशिवाय त्या भागांचे वजन कळत नाही. 1992 च्या कायद्याने मृतजन्माची व्याख्या अठ्ठावीस आठवड्यांवरून चोवीस आठवड्यांवर आणली. चोवीस आठवड्यांच्या आत बाळ जिवंतपणाची कोणतीही खूण न दाखवता जन्मले तर त्याची जन्म-मृत्यूच्या दप्तरी नोंद होत नसे. आईने त्याला हातात घेतलेले असे, नाव ठेवलेले असे, तरी कागदावर ते कुठेच नसे. मी अशा आयांना घरी जाताना पाहिले आहे. त्यांच्या हातात बाळाच्या पावलांचे ठसे असत, प्रमाणपत्र नसे. मिशेलचे बाळ तेविसाव्या आठवड्यात जाते, यामागे हा अर्थ आहे. फेब्रुवारी 2024 पासून इंग्लंडमध्ये अशा पालकांना मागणी केल्यास शासनाकडून स्मृतिप्रमाणपत्र मिळू लागले. हे एका मालिकेमुळे झाले असे मी म्हणणार नाही, त्यामागे असंख्य पालकांची वर्षानुवर्षांची मागणी होती. परंतु हा विषय घराघरांत उघडपणे बोलला गेला, त्यात त्या भागांचा वाटा होता हे मी माझ्या विभागात अनुभवले. ते भाग दाखवले गेले त्या आठवड्यांत काही स्त्रियांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे दुःख पहिल्यांदा बोलून दाखवले.

म्हणूनच मला 'अनोळखी राहण्याची गरज' हा दूरगाव यांचा मुद्दा पटत नाही. त्या भूमिकेत ताकद आली ती आपण किम यांना ओळखत होतो म्हणून.

उत्तरवारा:
दवबिंदू, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. मात्र याच ठिकाणी मला एक शंका आहे, आणि ती माझ्याच बाजूच्या विरुद्ध जाते. एखाद्या अभिनेत्रीचे सर्वोत्तम काम तिच्या स्वतःच्या जखमेतून आले असेल, तर निर्मात्यांनी ते तिच्याकडून मागावे का? त्यांनी होकार दिला, हे खरे. पण जवळजवळ दहा वर्षे ज्या घरात काम केले तिथून प्रस्ताव आल्यावर नकार देणे किती सोपे असते, याचा विचार मनात येतो. सकाळच्या कार्यक्रमात निदान आपले किती सांगायचे आणि कुठे थांबायचे याची सूत्रे बरीचशी त्यांच्या हातात असतात. वडिलांच्या कर्करोगाबद्दल त्या तिथे बोलल्या, ते स्वतःच्या शब्दांत. मला हा फरक मोठा वाटतो.

दवबिंदू:
त्यांच्या वतीने आपण अशी काळजी करणे मला योग्य वाटत नाही. आपल्या दुःखाला कोणत्या रूपात बाहेर येऊ द्यावे हे त्या स्त्रीने ठरवले. तिला ते दुसऱ्या बाईच्या नावाने बोलणे सोपे गेले असेल, असेही मला कामाच्या अनुभवावरून वाटते. कित्येक आया 'माझ्या एका मैत्रिणीचे असे झाले' म्हणून सुरुवात करीत.

पडद्यामागे:
एक लहानशी भर. लँकशायर आणि जोन्स यांच्या वाटेला मान द्यावाच, पण त्या वाटेवर फार थोड्यांना जागा मिळते, आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला तर आणखी कमी. मर्सीसाइडमध्ये जन्मलेली, उत्तरेच्याच उच्चारात बोलणारी बाई बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर सकाळी देशभर बोलते, ही गोष्टसुद्धा पुष्कळ काळ दुर्मीळ होती.

दूरगाव:
सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. 'दुसरे कोणीही मिळेल' हे वाक्य मी मागे घेतो. नियंत्रण कक्षातले वर्णन वाचल्यावर ते अन्यायाचे होते हे मला मान्य आहे. दवबिंदू यांचा मुद्दाही मी नाकारू शकत नाही, कारण त्या भागांच्या वेळी आर्चीबद्दल मलाही माहीत होते आणि पाहताना ते माझ्या मनात होतेच.

तरीसुद्धा माझे मूळ म्हणणे मी सोडत नाही. मिशेलच्या आधीच्या कथानकात, 2008 मध्ये, तिचा मुलगा रायन जन्मावेळी दुसऱ्या बाळाशी बदलला गेला होता हे उघड होते. त्या प्रसंगाचा किम मार्श यांच्या आयुष्याशी मला माहीत असलेला काहीही संबंध नव्हता. स्वतःच्या रक्ताच्या मुलाला, अॅलेक्सला, पहिल्यांदा भेटताना मिशेलच्या मनात ओढ आणि वाढवलेल्या मुलाशी आपण प्रतारणा करतो आहोत ही टोचणी एकाच वेळी होती, आणि ती दोन्ही मला स्पष्ट दिसली. ते सगळे त्यांनी कल्पनेतून घडवले होते. ती कल्पनाशक्ती मला पुन्हा एका लांब, सलग भूमिकेत पाहायची आहे. नाटकाचे दौरे येतात आणि जातात, निकी वॉल्टर्सला कथानकात मिळालेली जागा मर्यादित होती. सकाळचा कार्यक्रम त्यांनी सोडावा असे मी आता म्हणत नाही. पण एखाद्या लेखकाने त्यांच्यासाठी सहा भागांची एक गोष्ट लिहावी, एवढी इच्छा मी धरून आहे.