गॉस्पेल (अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधली गाणी) म्हणजे गुलामांचीच गाणी ना? मग १९३० कुठून आलं?

रात्रपाळी: काल गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन ऐकत होतो, खाली कोणीतरी लिहिलेलं की गॉस्पेलचा बाप थॉमस डॉर्सी आणि काळ १९३० च्या आसपासचा. मला वाटायचं ही गुलामगिरीतली शेतावरची गाणी. पण गुलामगिरी तर १८६५ लाच संपली ना, मग हिशेब कसा लागतो?

पेटीवाला: गल्लत होतेय रे. तू म्हणतोस ती स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामांची भक्तिगीतं, कोणी रचली पत्ता नाही, तोंडातोंडी आलेली. नॅशव्हिलच्या फिस्क युनिव्हर्सिटीची पोरं १८७१ ला कॉलेजसाठी पैसे जमवायला गात निघाली तेव्हा ती बाहेर कळली. गॉस्पेल मात्र शहरातलं, दक्षिणेतून शिकागोला आलेल्या लोकांचं, आणि गाण्यावर रचणाऱ्याचं नाव छापलेलं. डॉर्सी तर मूळचा ब्लूजवाला, म्हणजे चर्चबाहेरच्या काळ्या लोकांच्या गाण्यातला, मा रेनी या ब्लूज गायिकेच्या मागे पियानो वाजवायचा, जॉर्जिया टॉम नावाने त्याचं १९२८ चं हिट गाणं घरच्यांसमोर लावू नकोस 😄 तोच ठेका देवाच्या गाण्यात आणला म्हणून सुरुवातीला बऱ्याच चर्चवाल्यांनी त्याला दारात उभंच केलं नाही. गाणी छापून स्वतः विकत फिरायचा, पुढे सॅली मार्टिन ही गायिका सोबत आली आणि तिने धंदा मार्गाला लावला.

कोपऱ्यातला: १९३२ विसरलात. डॉर्सी सेंट लुईसला गायला गेलेला, तिथे तार आली, बायको नेटी बाळंतपणात गेली, मागोमाग बाळही. त्यातून 'प्रेशस लॉर्ड' हे गाणं आलं. शब्द त्याचे पण चाल जुन्या चर्चच्या गाण्यावरून घेतलेली. १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत महालियाने हेच गायलं. ती पहिलाच शब्द किती ओढते बघ, ताल जणू तिच्यासाठी थांबलाय.

टाळकरी: ते ओढणं डॉर्सीच्याही आधीचं. पुस्तकं नसायची, अनेकांना वाचता यायचं नाही, मग एकजण ओळ म्हणणार आणि बाकीचे तीच संथ लयीत घोळवत गाणार. आपल्याकडे बुवांनी ओळ टाकली की टाळकरी उचलतात ना, साधारण तसंच समज. गॉस्पेलमध्ये ऐकू येतो तो विजेवरचा हॅमंड ऑर्गन बाजारातच १९३५ ला आला, तो फार नंतरचा पाहुणा.

रात्रपाळी: भारी! म्हणजे १९६९ चं 'ओ हॅपी डे' हे गॉस्पेल गाणं एकदम मॉडर्न म्हणायचं?

पेटीवाला: रेकॉर्ड एडविन हॉकिन्सचं, कॅलिफोर्नियातलं. शब्द अठराव्या शतकातल्या एका इंग्रज पाद्रीचे 🙂