‘गावच्या होडीवाल्यांच्या नादी लागू नका’ म्हणे. का लागू नये?

खाडीकाठ (ठाणे)

परवा इथे एकाने मालवणच्या सहलीबद्दल लिहिलं. तिघे मित्र, किनाऱ्यावर ठरवलेली फायबरची होडी, सहा हजार रुपये आणि हाती दोन शिंगाळे मासे. त्यावरून निष्कर्ष असा, की स्थानिक होडीवाल्यांना स्पोर्ट फिशिंग कळत नाही, दहा वाजले की वाऱ्याचं कारण काढून परत आणतात, म्हणून फिश फाइंडर (पाण्याखालचा तळ नि मासा दाखवणारं यंत्र) असलेली मोठी बोट एजंटकडूनच घ्या, अंदमानला घेतात तशी. खाली सगळ्यांचे अंगठे. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

आधी वाऱ्याचं. हिवाळ्यात पहाटे आपल्याकडे मतलई वाहतो, जमिनीकडून. पाणी तेलासारखं सपाट असतं. ऊन चढलं की वारा फिरतो आणि समुद्राकडून यायला लागतो. परतताना लाट पाठीमागून येते आणि खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर फुटते. अठरा फुटी होडी तिथे आडवी झाली की संपलं. तुमचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, दहाला वळला तो तुमचे तीन तास खायला नव्हे, तुम्हाला घरी पोचवायला. मी ज्यांच्याबरोबर अकरा वर्षं गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातो ते तांडेल तात्या एकदा निवतीच्या बाहेर मासा लागलेला असताना म्हणाले, "तंगूस कापा, चला." तंगूस म्हणजे गळाची दोरी. मी वाद घातला. अर्ध्या तासात जे पाणी उठलं ते बघून पुन्हा कधी वाद घातला नाही.

दुसरं, तुम्ही गेलात कधी? अष्टमीला. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाण्याला ओढ नसते, खडपावर (पाण्याखालच्या खडकावर) मोठा मासा तोंड उघडत नाही. तुम्ही विचारलं असतं तर कुठल्याही तांडेलाने सांगितलं असतं, पण तुम्ही सुट्टी बघून तारीख ठरवली आणि होडी सकाळी किनाऱ्यावर जाऊन शोधली.

आणि ‘कळत नाही’ म्हणजे काय? पहिल्या वर्षी माझा पॉपर, म्हणजे पाण्यावर उडवत ओढायचा नकली मासा, तात्यांना लहान मुलाचं खेळणं वाटला होता. तिसऱ्या वर्षी भरती लागली की खडपाच्या कुठल्या अंगाला तो टाकायचा, हे तेच मला सांगत होते. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली की खाली खडप, हे त्यांना त्यांच्या बापाने दाखवलेलं. मी फिश फाइंडर घेऊन गेलो तेव्हा त्या यंत्राने तोच खडप दाखवला. माझे बावीस हजार गेले.

पुण्याचा रॉड

ती पोस्ट माझीच. अंगठे मिळाले कारण ते अनेकांचं झालं आहे. माझे मुद्दे तुम्ही सोयीने गाळलेत. एक, होडीत रॉड ठेवायला जागा नाही, जाळ्याच्या ढिगात माझं रील अडकून हँडल वाकलं. दोन, आम्ही जिगिंग (धातूचा नकली मासा खोल सोडून खालीवर झटकणं) करतोय आणि तांडेलाचा पुतण्या इंजिन चालू ठेवून त्याच जागी हातदोरी सोडून बसलाय. तीन, पैसे आधी सहा ठरले, उतरताना पेट्रोलचे वेगळे आठशे. याला तुम्ही परंपरा म्हणा, मी फसवणूक म्हणतो.

अष्टमीचं मान्य, मला माहीत नव्हतं. पण गिऱ्हाईक येतंय म्हटल्यावर "साहेब, आज नको, अमावास्येला या" हे सांगायचं काम कुणाचं?

तांडेलाचा मुलगा (देवबाग)

हे सांगायचं काम आमचं, आणि आम्ही सांगत नाही, हे मी कबूल करतो. का नाही सांगत तेही ऐका. त्या सहा हजारांतले तांडेलाच्या हातात किती पडले असतील? किनाऱ्यावर जो माणूस तुम्हाला होडीपर्यंत घेऊन आला त्याचे दोन हजार. आमच्याकडे हेच चालतं. पेट्रोल, इंजिनाचं ऑइल, हे वजा करा. शनिवारी गिऱ्हाईक परत पाठवलं तर ते आमच्याकडे अमावास्येला येत नाही, शेजारच्या होडीत बसतं. थेट फोन करून या, मग बघा आम्ही काय सांगतो ते.

पुतण्याने हातदोरी टाकली ते चुकलं. पण तुमच्या आठ तासांत त्याला मजुरी नव्हती, मिळेल तो मासा हीच त्याची मजुरी. हे कुणी तुम्हाला सांगितलं नाही, कारण आमच्या होडीत हे सांगावं लागत नाही.

एकविरा_सातपाटी

थांबा, मासा हीच मजुरी म्हणजे? मग गिऱ्हाइकाने पकडलेला मासा कुणाचा?

तांडेलाचा मुलगा (देवबाग)

होडीचा एक वाटा, इंजिन-जाळ्याचा एक, माणशी एक. कुठल्याही होडीवर विचारा, वाटे कमीजास्त असतील पण वाटा असतो. गिऱ्हाइकाला आम्ही चांगला मासा देतोच. पण मागे एकाने चौदा किलोचा कोकर मासा धरला, फोटो काढला आणि परत पाण्यात सोडला. बाबा घरी येऊन जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "सोडूचो होतो तर धरलास कित्याक?"

पुण्याचा रॉड

हेच ते! पैसे मी दिले, होडी दिवसभर माझी, मासा सोडायचा की ठेवायचा हे मी ठरवणार. जगभर असंच चालतं.

खाडीकाठ (ठाणे)

होडी दिवसभर तुमची झाली नाही, तुम्ही होडीत बसलात. पण सोडण्याबाबत मी तुमच्या बाजूचा आहे. कोकर माशाचं मांस काय मोठं चवीचं नाही आणि सोडला तर तो जगतो.

जिताडाप्रेमी (पेण)

कोकर सोडा हो, जिताडा सोडणारेही निघालेत आता! आमच्याकडे जावयाला जिताडा केला नाही तर सासरवाडीचं नाव जातं. धरमतरच्या खाडीत लहानपणी आजोबा जिवंत कोळंबी लावून गरवायचे, आठ किलोचा जिताडा खांद्यावरून आणायचे, शेपटी गुडघ्यापर्यंत यायची. तो कुणी फोटो काढून सोडला असता तर गावाने वेड्यात काढलं असतं. मासा अन्न आहे. अन्नाच्या तोंडात गळ घालून खेळायचं आणि पाण्यात टाकायचं, याला खेळ म्हणणं मला पटत नाही.

मत्स्यविद्या (रत्नागिरी)

जिताड्याचंच घ्या. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. आजोबांच्या खांद्यावरचा तो आठ किलोचा बहुतेक मादीच होती. मोठे तेवढे काढत गेलात तर खाडीत अंडी घालणार कोण? लहान ठेवा, मोठा सोडा, असं आपल्या सवयीच्या उलट आहे ते. राज्याने ठरवलेल्या किमान आकारमानाचा उलटा अर्थ कुणी काढू नये म्हणून हेही सांगते: सुरमई ३७ सेंटिमीटरच्या आतली, पापलेट साडेतेराच्या आतलं धरायचंच नाही. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झालं आणि बाजारात हाताच्या तळव्याएवढं विकलं जातंय.

पण ‘सोडला की जगतो’ हेही सरसकट खरं नाही. खोल खडपावरचा गोबरा मासा भराभर वर ओढलात की त्याच्या आतली हवेची पिशवी फुगते आणि पोट तोंडातून बाहेर ढकलते. तो तसाच सोडलात तर बहुतेक तरंगत मरतो. तो खा, पुढचा गळ टाकू नका. आणि खूप मोठा, माणसाएवढा गोबरा लागला तर तंगूस कापा. ती जात वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, ताटात यायचा प्रश्नच नाही.

जिताडाप्रेमी (पेण)

नर-मादीचं हे मला नव्हतं माहीत. ठीक आहे. पण मग सोडायचं ते गावाच्या मर्जीने सोडा. वर्षाकाठी दोन दिवस येणाऱ्याने आमच्या खाडीला शहाणपण शिकवू नये.

बंदर_कट्टा (मालवण)

तुम्ही सगळे एका रॉडवर एक मासा धरणाऱ्यांवरून भांडताय. रात्री सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेर या, मासा ओढायला लावलेल्या एलईडी दिव्यांचा उजेड दिसेल. केंद्राने त्यावर २०१७ मध्ये बंदी घातली, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, आणि आमच्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, काय लागतं ते बघा. आमच्या अण्णांच्या रापणीत एकेकाळी बांगडा भरून भरून येई, शेवटचा दोर ओढायला शाळेतली पोरं बोलवायचे आणि प्रत्येकाला वाटा मिळायचा. गेल्या वर्षी ती रापण विकली. विकली म्हणजे दोर भंगारात दिले. सोडायचा की ठेवायचा हा प्रश्न, मासा उरला तर ना!

पुण्याचा रॉड

एलईडीचा या धाग्याशी काय संबंध?

बंदर_कट्टा (मालवण)

संबंध हा की तुमच्या दोन शिंगाळ्यांचं खापर तुम्ही तांडेलावर फोडलंत. खडपावर मासा का नाही हे विचारायला तुम्हाला सुचलं नाही, तांडेल चोर आहे हे लगेच सुचलं.

पुण्याचा रॉड

चोर हा शब्द मी वापरलेला नाही. परत माझ्या तोंडी घालू नका.

दीपस्तंभ

मासा, वाटा, एलईडी सगळं झालं. जीवाचं कोणी बोलणार आहे का? माझा भाऊ तीन वर्षांपूर्वी अशाच ओळखीच्या होडीतून गेला होता. जागा दक्षिण कोकणातली, गावाचं नाव घेत नाही. होडीत सात जण, जॅकेट तीन, तीही पाटाखाली दाबून ठेवलेली. मुखावर लाट घेतली, भाऊ पाण्यात. पोहता येत होतं म्हणून वाचला, पण खडपावर आपटून गुडघा गेला. आठ महिने अंथरुणावर. विम्याने हात वर केले, कारण होडीला मासेमारीचा परवाना होता, माणसं वाहायचा नव्हता. मासेमारीचा परवाना मत्स्य विभाग देतो, प्रवाशांचा मेरिटाइम बोर्ड. हे आम्हाला दवाखान्यात कळलं.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले. त्यानंतरही किनाऱ्यावर तेच. तात्यांना वारा कळतो, मान्य. लाट वारा कळणाऱ्यालाही पाडते.

खाडीकाठ (ठाणे)

ताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण परवाना असलेली होडी म्हणजे सुरक्षित आणि गावची म्हणजे धोक्याची, असं होत नाही. तारकर्लीची ती होडीही पर्यटकांसाठीच धावत होती.

दीपस्तंभ

मी गावची नको म्हटलंच नाही. जॅकेट अंगात हवं आणि कागद पुरा हवा, एवढंच म्हटलं. तुम्ही अकरा वर्षं जाताय. तात्यांच्या होडीला माणसं न्यायचा परवाना आहे का? कधी विचारलंत?

खाडीकाठ (ठाणे)

नाही विचारलं.

पुण्याचा रॉड

अकरा वर्षांत नाही विचारलं, आणि मला अष्टमी कळली नाही म्हणून एवढा मोठा लेख.

खाडीकाठ (ठाणे)

बरोबर आहे तुमचं. विचारायला हवं होतं, आता विचारीन. तरी तुमच्या पोस्टचा मुख्य मुद्दा चूकच आहे. अंदमानात जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली माशासाठी, परदेशातून लोक येतात, तिथे कप्तानाचा धंदाच तो आहे, त्या पैशांवर तिथली बोट उभी राहते. आपल्याकडे एजंटची मोठी बोट घेतलीत तरी सुकाणूवर बसवलेला माणूस कोण असतो? गावातलाच तांडेल, रोजंदारीवर. त्याला आठशे, एजंटला बाकीचे. माणूस तोच, फक्त त्याचा वाटा गेला.

तांडेलाचा मुलगा (देवबाग)

हे खरं आहे. माझा चुलतभाऊ असाच एका बोटीवर जातो. खडप त्याने दाखवायचा, फोटोत कप्तान दुसराच.

परवान्याबद्दल: आमच्या वाडीत काहींनी मेरिटाइम बोर्डाकडून काढलाय, बाबांची होडी त्यात नाही. होडीची तपासणी, विमा, जॅकेट, सगळं मिळून जो खर्च येतो तो दोन हंगामांत निघेल का याचा हिशेब मी करतोय. तोही २६ मे ते ३१ ऑगस्ट पर्यटन बंद धरून. तोपर्यंत मी सांगणार नाही की आमची होडी सगळ्या बाबतीत बरोबर आहे. ताई, तुमच्या भावाचं वाचून रात्री बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, सकाळी पाटाखालची जॅकेटं काढून वाळत घातली. चार आहेत. म्हणजे पाचवा माणूस घेणार नाही.

बंदर_कट्टा (मालवण)

आणि किल्ला नि पद्मगडच्या आसपास गळ टाकायला सांगू नका कुणी तांडेलाला. १९८७ पासून तो मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे. गिऱ्हाईक "फक्त दहा मिनिटं" म्हणतं आणि दंड भरताना ते गाडीत बसून पुण्याला पोचलेलं असतं.

पुण्याचा रॉड

आम्ही तिथे गेलो नव्हतो, प्रत्येक गोष्टीत पुणं आणू नका.

पेट्रोलच्या आठशेंवर मी ठाम आहे, ते आधी सांगायला हवं होतं. बाकी पोस्टमधलं ‘कळत नाही’ हे वाक्य काढतो. एजंटचं वाक्य ठेवतोय, कारण नवख्या माणसाला थेट फोन करायचा कुणाला हेच माहीत नसतं. कार्तिकी अमावास्येच्या मागेपुढे दोन दिवस मोकळे आहेत. देवबागवाले, तुमच्या बाबांची होडी मिळेल? जॅकेट आम्ही आमची आणू, रॉड ठेवायला पाइपचे तुकडे आणतो, ते बसवू द्या. पैसे पेट्रोलसकट आधी ठरवू, सोबतच्या पोराची मजुरीही त्यातच. पण कोकर लागला तर मी सोडणार.

तांडेलाचा मुलगा (देवबाग)

पाइप बसवा, त्याला हरकत नाही. सोडायचं बाबांना विचारून कळवतो. सुरमई लागली तर मात्र वाट्याप्रमाणे, ती सोडायची भाषा होडीत काढू नका.

मत्स्यविद्या (रत्नागिरी)

३७ सेंटिमीटरच्या आतली लागली तर सोडावी लागेल, दोघांनाही.

तांडेलाचा मुलगा (देवबाग)

मोजपट्टी आणा मग. आमच्याकडे वितीने मोजतात.