७८ किलोवरचा गट: नुसत्या वजनावर भागत नाही

वर कुणीतरी म्हटलंय की महिला ज्युदोच्या ७८ किलोवरच्या गटात जी जड तीच जिंकते. इतकं सोपं नाही ते. बेलारूसच्या मरीना स्लुत्स्कायाने २०१९ मध्ये मिन्स्कला, घरच्या प्रेक्षकांसमोर, युरोपियन गेम्सचं सुवर्ण घेतलं. त्या वर्षी तीच युरोपीय अजिंक्यपद स्पर्धाही धरली गेली, म्हणजे एका पदकात दोन्ही किताब.

या गटाला वरची मर्यादाच नाही. वजन उतरवायची कटकट वाचते, पण समोरची ३० किलोंनी जडही निघू शकते. तिचा तोल पुरता न मोडता फेकायला गेलात की तीच अंगावर कोसळते आणि दाबून धरते: १० सेकंदांना वाझा-आरी (अर्धा गुण), २० सेकंदांना इप्पोन (पूर्ण गुण), खेळ खलास. म्हणून आधी पकड. एका हाताने कॉलर, दुसऱ्याने बाही खाली ओढून तिचा पकडीचा हात निकामी करायचा, मगच पाय घालायचा. लढत ४ मिनिटांची. पकड टाळत, मागे सरत राहिलात तर शिदो (दंडाची ताकीद) मिळतो आणि तिसऱ्या शिदोला थेट बाद. जड गटातल्या बऱ्याच लढती अशाच निकाली निघतात; बघायला कंटाळवाण्या, हे मात्र मान्य.